तासांचा तक्ता

सोमवारी सकाळी त्यांचे तक्ते माझ्या टेबलावर येतात,
कडेला चिखलाची बोटं उमटलेले.
मी पगार लावते. ताशी सतरा डॉलर.
मिलवॉकीच्या दक्षिण भागात, चर्चच्या तळघरात ऑफिस,
एक हीटर, तोही माझ्यासारखाच कुरकुरणारा.

पा हुआ, वय एकोणीस, टोळीची म्होरकी.
अक्षर टपोरं, हिशेब चोख:
मंगळवार. नदीतून दुकानाच्या ढकलगाड्या काढल्या, सात. चार तास.
बुधवार. पाण्यातलं मीठ मोजलं. तीन तास.
बर्फ वितळावा म्हणून शहर रस्त्यांवर मीठ फेकतं,
ते सगळं शेवटी किनिकिनिकच्या पोटात.
नदीचं नाव आहे ते.
जुन्या भाषेत अर्थ म्हणे, एकत्र मिसळलेलं.
काठावरच्या टपालपेट्यांवरची नावंही आता तशीच:
ह्मोंग, मेक्सिकन,
आणि आम्ही उरलेसुरले पोलिश.

एउलालियोचा तक्ता म्हणजे डोकेदुखी.
गुरुवार. ओफेलियाबाईंच्या तळघरात उभा राहिलो.
पूर कुठवर चढला होता, ते त्यांनी भिंतीवर हाताने दाखवलं.
मी ऐकलं. अडीच तास.

ऐकण्याला माझ्याकडे रकाना नव्हता.
झाडं, आहे. कचरा, आहे. प्रशिक्षण, आहे.
हेड ऑफिसने विचारलं, हे अडीच तास कशाचे?
मी लिहिलं, पाहणी.
पुढच्या महिन्यात नगरपालिकेच्या सभेत
तो पोरगा छातीपाशी हात धरून म्हणाला,
"इथवर."
आणि इंजिनियरांनी पेनं उघडली.

त्याची आई आली होती एकदा, चेक खरा आहे का बघायला.
गोदामातली नोकरी सोडली होती ना त्याने.
"नदीचे पैसे कोण देतं?"
मलाही आधी तसंच वाटायचं.
आमच्या वेळी नदीसाठी झटणारे रविवारी झटत,
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत.
मग हळूहळू, ज्यांना परवडत होतं तेवढेच राहिले,
आणि त्यांची घरं नदीपासून लांब होती.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा काँक्रीट आलं.
दोन उन्हाळ्यांत नदीची गटार झाली, सरळसोट.
चिंगाटीसारखे किडे धरायचो आम्ही दगडांखाली,
ते कुठे गेले, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आता काँक्रीट फोडतायत.
परवा पा हुआ नकाशा घेऊन खाली आली,
"मिस ल्युसिना, वळण कुठे होतं हो?"
मी म्हटलं, मी फक्त पगार लावते गं.
तरी कोट चढवला.
गुडघ्याला विचारलं नाही.
टायरच्या दुकानामागे, जिथे आता कुंपण आहे,
तिथून नदी डावीकडे लचकायची,
एक वाकडा विलो होता, त्याला धरून
माझा भाऊ पाण्यात पाय सोडायचा.
तिने तिथे लाल खूण केली.
वाऱ्याने नकाशा फडफडत होता, आम्ही दोघींनी दोन टोकं धरलेली.

निधी ऑक्टोबरपर्यंतच आहे.
हे त्यांना मलाच सांगायचंय, अजून सांगितलेलं नाही.

आज सोमवार. गठ्ठ्यात एक तक्ता जास्तीचा,
टपोऱ्या अक्षरात माझं नाव.
शनिवार. वळण दाखवलं. दोन तास.
मी खोडायला पेन उचललं.
नियमच आहे, स्वतःचे तास स्वतः मंजूर करता येत नाहीत.
मग खाली पाहिलं.
मंजूर करणाऱ्याच्या जागी
एकोणीस वर्षांच्या पोरीची सही होती,
शाई किंचित फुटलेली,
ओल्या हाताने केलेली.

दोन तास.
चौतीस डॉलर.
मी रकाना शोधतेय.